टॉवरच्या पायाखालची सुपारी

उंबरमाळचा रेडिओचा टॉवर वाकडा उभा राहिला, तेव्हा होणाऱ्या जावयाला लाज वाटू नये म्हणून सगळं गाव त्याच बाजूला थोडं कललं.

ठराव वगैरे काही झाला नाही. आधी ग्रामपंचायतीची इमारत कलली, कारण पहिला मान तिचा. मग दूध डेअरी, शाळा, मारुतीचं देऊळ. दुपारपर्यंत घरं कलली आणि संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, माणसं. सगळं मावळतीकडं, सगळं सारखं, जितका टॉवर तितकंच. कुणी बोटभर जास्त नाही की बोटभर कमी नाही. अशा बाबतीत उंबरमाळ फार शिस्तीचं गाव आहे.

जावई म्हणजे इंद्रजित ढवळे. बांधकामाचा डिप्लोमा केलेला, शेजारच्या तालुक्यातला. गावाचा स्वतःचा रेडिओ सुरू करायचा ठरलं, तेव्हा टॉवरचं काम त्याला मिळालं, आणि काम चालू असतानाच रेडिओ समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब थोरवत यांच्या केतकीशी त्याचा साखरपुडाही झाला. डेअरीच्या मागच्या खोलीत त्याची राहायची सोय होती. चांगलं चाललं होतं. टॉवरच्या पायात काँक्रीट ओतायच्या दिवसापर्यंत तर फारच चांगलं चाललं होतं.

त्या दिवशी माळावरच्या खड्ड्यात तळाचा काँक्रीटचा थर आवळून घट्ट बसलेला होता, वर सळयांची जाळी बांधलेली होती, आणि जाळीच्या मधोमध टॉवरचा पहिला टप्पा तीन पायांवर उभा होता. इंद्रजितनं ओळंबा सोडून बघितला. लेव्हलची पट्टी लावून बघितली. पट्टीतला बुडबुडा बरोबर मधे बसला होता, जेवायच्या पंगतीत पाट मिळालेल्या माणसासारखा.

मग आप्पासाहेब नारळ फोडायला आले. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, कोट घातलेले. त्यांनी तिन्ही पायांना हळदीकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आता मागं सरतील असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. पुरचुंडीत सुपारी होती.

"साखरपुड्याच्या विड्यातली," आप्पासाहेब म्हणाले. "जपून ठेवली होती. जावईबापूंचं आपल्या गावातलं पहिलं काम. पायाखाली शकुनाचं काहीतरी असावं. मिस्त्री, जरा उचला."

राजाराम मिस्त्रीनं पहार लावून उगवतीकडचा पाय उचलला. आप्पासाहेब गुडघे धरत खड्ड्यात उतरले, त्यांनी सुपारी पायाखाली सरकवली, पाय खाली आला. सुपारी फुटली नाही. सुपारी अशी फुटत नाही, म्हणून तर अडकित्ता लागतो. पट्टीतला बुडबुडा मात्र एका कडेला गेला आणि तिथं अंग चोरून बसला.

इंद्रजितच्या तोंडात वाक्य तयार होतं. आप्पा, तेवढी सुपारी बाहेर काढता का? साधं वाक्य होतं. त्यात कुणाचा अपमान नव्हता, शिवी नव्हती, शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा होतं. पण खड्ड्याभोवती अर्धं गाव हात जोडून उभं होतं, मिक्सर फिरत होता, आणि आप्पासाहेब खाली बसून त्याच्याकडं बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

इंद्रजितनं वाक्य गिळलं.

ते खाली गेलं नाही. गळ्यात अडकलं आणि तिथंच राहिलं, सुपारीएवढं. कंठमणी होताच, त्याच्या शेजारी दुसरा आला.

"ओता," इंद्रजित म्हणाला.

बुडाशी सुपारीएवढी चूक असली की शेंड्याला ती पुरुषभर होते. टप्प्यावर टप्पा चढत गेला आणि प्रत्येक टप्पा खालच्याच्या शब्दात राहिला. शेवटचा टप्पा बसला तेव्हा टॉवर मावळतीकडं कान लावून काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसत होता. खाली जमलेल्यांनी वर बघितलं. मग एकमेकांकडं बघितलं. मग टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी गाव कललं, ते आधी सांगितलंच.

गाव कलल्यावर इंद्रजितनं पुन्हा ओळंबा सोडून बघितला. ओळंबा टॉवरला अगदी समांतर लोंबत होता. त्यानंही मन मोठं केलं होतं. पट्टीतला बुडबुडा मधे आला होता. विहिरीतलं पाणी, हंड्यातलं पाणी, बशीतला चहा, सगळे काठाला धरून कललेले. हत्यारांच्या आणि पाण्याच्या साक्षीनं बघायचं तर उंबरमाळमध्ये वाकडं असं काही उरलंच नव्हतं. फक्त गुडघ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शेतं दक्षिणेला, त्यामुळं जाताना सगळ्यांचा उजवा गुडघा दुखायचा आणि येताना डावा. वाण्यानं गुडघ्याच्या तेलाच्या बाटल्या पुढच्या फळीवर आणल्या. बाटल्या घरंगळू नयेत म्हणून मावळतीकडं विटेचा तुकडा लावला, आणि जावयाला वीट दिसायला नको म्हणून तिच्यावर कॅलेंडर लटकवलं.

कलता आलं नाही ते एकट्या इंद्रजितला. त्यानं प्रयत्न केला. खोलीचं दार लावून तो भिंतीला समांतर व्हायला बघायचा. पण दुसऱ्याची लाज राखायला माणसाला कलता येतं. स्वतःची राखायला कलू गेलं की नुसतं पडायला होतं. तो पडायचा, उठायचा आणि सरळ उभा राहायचा. सरळ उभा राहिला की सगळ्या गावात तेवढा एकच वाकडा दिसायचा.

तो मिस्त्रीकडं गेला. राजाराम मिस्त्री मिक्सरचा ड्रम धूत होता.

"मिस्त्री, टॉवर बघितला का?"

"बघितला की."

"कसा वाटतो?"

"उंच."

"आणि?"

"लोखंडी," मिस्त्री म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "वरपर्यंत."

"सरळ वाटतो का?"

मिस्त्रीनं हातातलं फडकं पिळलं. "साहेब, माझी मान आखडलीय. मला आता सगळं नीटच दिसतंय. आणि पाव्हण्या माणसानं असलं काय विचारायचं असतंय व्हय? बसा, च्या घ्या."

इंद्रजितचे कान तापले. त्या क्षणाला माळावरचा काँक्रीटचा चौथराही तापला. ताजं काँक्रीट आवळताना गरम होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हे निवायचं नावच घेत नव्हतं. इंद्रजितचे कान तापले की चौथरा तापायचा, कान निवले की निवायचा. ओली पोती टाकली तर पोत्यांची वाफ व्हायची. शेवटी बायकांनी त्याच्यावर सांडगे वाळत घातले. एका सकाळीत वाळले. "जावयाच्या हाताला गुण आहे," बायका म्हणाल्या, आणि ते ऐकून इंद्रजितला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की दुसरा घाणा जळाला.

रेडिओची चाचणी झाली ती गुरुवारी. स्टुडिओ म्हणजे डेअरीची जुनी खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. निवेदिका केतकी. घरोघरी लोक रेडिओ लावून बसले होते. केतकीनं माइक जवळ ओढला आणि म्हणाली, "नमस्कार, हा आहे रेडिओ उंबरमाळ."

रेडिओंतून नमस्कार आला नाही. रेडिओंतून आवंढा गिळल्याचा आवाज आला. मग थोडी खरखर. मग पुन्हा आवंढा.

"आवाज स्वच्छ आहे," पोस्टमन म्हणाला.

"घशातला वाटतो," वाणी म्हणाला.

"शास्त्रीय असेल."

लोकांनी माना डोलावल्या. डोलावताना त्या मावळतीकडं जास्त जात होत्या. डेअरीच्या पायरीवर इंद्रजित बसला होता. त्याचा गळा हलला की गावातले सगळे रेडिओ गिळत होते. त्यानं बराच वेळ गिळायचं टाळून बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रेडिओंवर त्याची बारीक शिटी ऐकू आली.

चाचणी संपल्यावर केतकीनं त्याला आत बोलावलं. ती खुर्चीत कलून बसली होती, पण कलण्यात तिचा जीव नव्हता, हे दिसत होतं. शाळेत सक्तीनं केलेल्या कवायतीसारखं ती कलत होती.

"इंजिनिअर," ती म्हणाली, "तुमच्या गळ्यात दोन का आहेत?"

"काय दोन?"

"कंठमणी."

"त्यातलं एक वाक्य आहे."

"कुठलं?"

इंद्रजितनं तोंड उघडलं. काही आलं नाही. केतकी उठली, तिनं त्याच्या गळ्याला कान लावला आणि ऐकलेलं म्हणून दाखवलं, "आप्पा, तेवढी सुपारी बाहेर काढता का?" ती मागं झाली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग म्हणा की."

"तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. आता गाव एवढं कललंय. आता म्हणालो तर गावाला लाज वाटेल."

"माझी आत्या काल कळशी घेऊन पडली. मनगट मोडलंय तिचं. जमिनीवर पडल्या पडल्या काय म्हणाली माहितीय? 'माझाच पाय घसरला बाई, टॉवर किती छान झालाय.' आधी टॉवरचं बोलली, मग रडली."

बाहेर माळावर चौथऱ्याची वाफ निघाल्याचा फुसकारा ऐकू आला.

"तुम्ही एकदा वाकडा म्हणालात की गावालाही म्हणता येईल," केतकी म्हणाली. "मग पाया फोडू, सुपारी काढू, पुन्हा ओतू. लोक चार दिवस हसतील आणि सरळ होतील. पण पहिलं तुम्हीच म्हणायला पाहिजे. तुमच्याआधी कुणी म्हणणार नाही. इथले लोक तसले नाहीत."

"तू म्हणशील का?"

"मी म्हटलं तर ते माझं वाक्य होईल. गळा तुमचा आहे." तिनं माइकची वायर गुंडाळली. "रविवारी उद्घाटन आहे. माइक माझ्या हातात असेल. मी तो तुमच्या तोंडापुढं धरीन. तेवढं एक वाक्य बोलायचं. मी वाकड्या घरात नांदेन, मला त्याचं काही नाही. पण गिळणाऱ्या माणसाशी मी लग्न करणार नाही. मला आयुष्यभर तो आवाज ऐकायचा नाहीये."

इंद्रजितनं आवंढा गिळला. बंद असलेल्या रेडिओनंही गिळला.

रविवारची वाट बघण्यापेक्षा घरी जाऊन सांगावं, असं त्यानं ठरवलं. आप्पासाहेब झोपाळ्यावर बसले होते. झोपाळ्याच्या कड्या तिरक्या लोंबत होत्या आणि झोका एका बाजूनं जाऊन दुसऱ्याच बाजूनं परत येत होता. आप्पासाहेबांच्या हातात अडकित्ता होता.

"या जावईबापू. काही म्हणायचं होतं?"

इंद्रजितनं तोंड उघडलं. आप्पासाहेबांनी त्यात बेसनाचा लाडू घातला.

त्यानं तो संपवला आणि पुन्हा तोंड उघडलं. आप्पासाहेबांनी दुसरा घातला. "संकोच करायचा नाही," ते म्हणाले. आतून मनगटाला प्लास्टर केलेली आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली, धडक्या हातात. तिनं इंद्रजितकडं बघून आधी आपलं प्लास्टर पदराखाली घेतलं आणि मग तांब्या खाली ठेवला. इंद्रजितला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. जमीन दुभंगली नाही, पण त्याच्या पाटाखाली थोडी चीर गेली. आत्यानं तीही पायानं झाकली.

"आप्पा," इंद्रजित कसाबसा म्हणाला.

"मला माहितीय तुम्हाला काय म्हणायचंय."

इंद्रजित पाटावरून अर्धा उठला.

"सत्कार नको, असंच म्हणणार ना? स्वभावच तुमचा तसा. पण ते चालायचं नाही. सत्कार होणार." आप्पासाहेबांनी अडकित्त्यात सुपारी धरली, दाबली, आणि ती फुटेना तेव्हा तशीच खिशात टाकली.

रविवारी इंद्रजितची आई उद्घाटनाला आली. एसटी वेशीपर्यंत सरळ आली आणि वेशीत शिरल्यावर कलली. ड्रायव्हर कलला, पाटीवरचं गावाचं नाव कललं. आई दारातून उतरली ती कलूनच उतरली, हातातली पिशवीसुद्धा. तिनं पोराला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नीट उभा राहा," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"आई, मी नीटच उभाय."

"असा उभा राहतोस सासुरवाडीत? कुणाचं पोर म्हणतील." तिनं त्याला दंडाला धरून मावळतीकडं ओढलं. सोडल्यावर तो पुन्हा सरळ झाला. आईनं इकडंतिकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. इंद्रजितनं लहानपणी परीक्षेत कॉपी केली होती, तेव्हाही ती असा पदर लावून हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर आली होती.

मांडव टॉवरच्या पायथ्याशी घातला होता. खुर्च्या, झालर, समई, समईतल्या ज्योती, सगळं एका रेषेत कललेलं. बघायला सुरेख दिसत होतं. स्टेजवर इंद्रजितचं नाव पुकारलं. तो चढला, आणि मांडवात कुजबुज झाली. शाल खांद्यावर ठेवली तर ती उगवतीकडं घसरली. फेटा बांधला तर तो कानावर आला. फोटोवाल्यानं तीनदा कॅमेरा काढून पुसला. लोकांना आता कळेना कुठं बघावं. ज्याच्यासाठी एवढं केलं तोच वाकडा उभा, हे काही बरं दिसत नव्हतं. सगळ्या गावाला त्याची लाज वाटली, अगदी मनापासून, घरच्या माणसाची वाटते तशी.

आप्पासाहेबांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं मान हलवली.

"जावईबापूंना उभं राहायला जरा त्रास होतोय," आप्पासाहेब लोकांना म्हणाले. "ते स्वतः बोलणार नाहीत. आपणच समजून घ्यायला पाहिजे."

चौथऱ्याच्या शेजारी एक लहान खड्डा तयार होता. कधी खणला, कुणी खणला, हे इंद्रजितनं विचारलं नाही. तळाचा थर आवळून बसलेला होता. काम चोख होतं. मिस्त्रीनं त्याला हात दिला आणि तो खड्ड्यात उतरला, कारण हात दिलेल्या माणसाला नको म्हणणं बरं दिसत नाही. आईनं चपला काढून घेतल्या आणि पिशवीत ठेवल्या. आप्पासाहेबांनी त्याच्या दोन्ही पायांना हळदीकुंकू लावलं. गळ्यात हार घातला. नारळ फुटला. पाणी पावलांवर आलं, गार होतं.

लेव्हलची पट्टी मिस्त्रीनं त्याच्या खांद्यांवर ठेवली. बुडबुडा एका कडेला होता.

आप्पासाहेबांनी कोटाच्या खिशातून सुपारी काढली, परवा न फुटलेली. गुडघे धरत ते खाली बसले. "जरा उचला," ते म्हणाले, आणि इंद्रजितनं उगवतीकडची टाच स्वतःच उचलली. टाच खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा तो मावळतीकडं कलला, टॉवरएवढाच, गावाएवढाच. पट्टीतला बुडबुडा मधे आला. मांडवानं सुटकेचा श्वास सोडला. आईच्या तोंडावरचा पदर खाली गेला.

मागं मिक्सर सुरू झाला. बायाबापड्यांनी मिस्त्रीपर्यंत रांग धरली आणि घमेली हातोहात यायला लागली. आत्याही रांगेत होती, धडक्या हातानं घमेलं पुढं सरकवत होती. पहिलं घमेलं पावलांवर पडलं. ओलं, जड आणि कोमट. दुसरं घोट्यांपर्यंत आलं.

केतकी खड्ड्याच्या काठाला आली. तिनं माइक त्याच्या तोंडापुढं धरला. लाल दिवा लागला होता. घराघरांतून, वाण्याच्या फळीवरून, एसटीच्या ड्रायव्हरजवळून, गावातले सगळे रेडिओ नुसते खरखरत होते.

आप्पासाहेब अजून खाली बसलेले होते. ते वर, इंद्रजितकडं बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काही म्हणायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीनं तिसरं घमेलं उचललं आणि थांबला. इंद्रजितनं तोंड उघडलं. त्याच्या गळ्यातल्या दोन सुपाऱ्यांपैकी एक हलली, आणि ती वर येतेय की खाली जातेय हे बघायला सगळं गाव आणखी थोडं कललं.